प्राथमिक प्रगामी वाचाघात : मेंदूचित्रण व जैवचिन्हके

भाषाशक्ती हळूहळू क्षीण होणे हेच ज्याचे पहिले आणि बराच काळ प्रमुख लक्षण राहते, असा मेंदूच्या ऱ्हासाचा विकार. पक्षाघातानंतर एकाएकी येणाऱ्या वाचाघाताहून तो वेगळा.

आद्य वर्णनाचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी मतभेद आहेत. प्रागचे मेंदूविकारतज्ज्ञ आर्नोल्ट पिक यांनी १८९२ मध्ये वाणी हरपत गेलेल्या, मेंदूचा डावा टेंपोरल (कानशिलाकडील) खंड आक्रसलेल्या एका वृद्ध रुग्णाची नोंद केली. फ्रान्समध्ये पॉल सेऱ्यू यांनी पुढच्याच वर्षी शब्द ऐकू येऊनही न उमगण्याचा असाच वाढता विकार वर्णिला. मात्र पिक यांच्या रुग्णाची एकूण बुद्धीही खालावली होती. स्वतंत्र विकार म्हणून त्याची मांडणी अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे केली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

२०११ च्या सर्वसंमत निकषांत तीन प्रकार आहेत. प्रकार आधी बोलण्यावरून ठरतो. मेंदूचित्रणाने त्याला पुष्टी मिळते. अडखळत्या, व्याकरणलोपी प्रकारात डाव्या ललाटखंडाचा मागचा भाग व इन्सुला (मेंदूच्या घडीत दडलेला भाग), शब्दांचे अर्थच हरपण्याच्या अर्थलोपी प्रकारात टेंपोरल खंडांचे अग्रभाग (सहसा डावा अधिक), तर शब्द शोधत थांबण्याच्या लोगोपेनिक प्रकारात डाव्या टेंपोरल व परायटल (माथ्याकडील) खंडांचा संधिप्रदेश बाधित होतो. अर्थलोपी प्रकारातील संकोच एमआरआयवर सहसा ठळक असतो. इतर दोहोंत सुरुवातीचा एमआरआय जवळजवळ निर्दोष वाटू शकतो. अशा वेळी ग्लुकोजचा वापर दाखवणारे पेट-चित्रण उपयोगी पडते.

ऱ्हास कोठे झाला हे चित्रण सांगते. कोणत्या प्रथिनामुळे झाला, हा प्रश्न निराळा. त्यासाठी जैवचिन्हके, म्हणजे शरीरद्रवांत वा चित्रणात मोजता येणाऱ्या खुणा, पाहतात. मस्तिष्कमेरुद्रवात (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) बीटा-अमिलॉइड ४२ हे प्रथिन घटलेले आणि फॉस्फोरिलित (फॉस्फेट जोडलेले) टाऊ हे प्रथिन वाढलेले असणे अल्झायमर दर्शवते. मेंदूत साठलेले अमिलॉइड दाखवणाऱ्या अमिलॉइड-पेटनेही तो तर्क बळावतो. २०१८ मधील एका संकलित विश्लेषणात लोगोपेनिक प्रकारात सुमारे ८६ टक्के, व्याकरणलोपीत २० टक्के व अर्थलोपीत १६ टक्के रुग्णांत अमिलॉइड आढळले. तथापि वयाबरोबर निरोगी माणसांतही अमिलॉइड साठते. त्यामुळे वृद्ध रुग्णातील होकारार्थी निष्कर्ष सावधपणेच घ्यावा. रक्तात प्रोग्रॅन्युलिन हे प्रथिन फार कमी असल्यास ते घडवणाऱ्या जनुकातील उत्परिवर्तनाचा संशय येतो. न्यूरोफिलामेंट (चेतापेशींच्या सांगाड्याचे प्रथिन) वाढल्यास ऱ्हास चालू असल्याचे कळते, कारण कळत नाही. अर्थलोपी प्रकारामागे बहुधा असणाऱ्या टीडीपी-४३ प्रथिनासाठी मात्र असे सर्वमान्य चिन्हक नाही. तेथे प्रकारावरून केलेले अनुमान व अमिलॉइडचा अभाव यांवरच भिस्त ठेवावी लागते.

हे निकष मुख्यतः इंग्रजी व युरोपीय भाषांतील अनुभवावर बेतलेले आहेत. अनियमित वर्णलेखनाचे शब्द जसे लिहिले तसेच उच्चारणे हे अर्थलोपी प्रकाराचे लक्षण देवनागरी वाचनात फारसे हाती लागत नाही, कारण ही लिपी बव्हंशी उच्चारानुसारी आहे. व्याकरणलोपी प्रकारासाठी मराठीत सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाचे लिंग-वचन तपासणे इष्ट ठरेल.