‘आमचं पॅनेल इंटरनेटला जोडलेलंच नाही’ असं सांगणाऱ्या ग्राहकांसाठी

भोसरी, चाकण, रांजणगाव, फोन कुठूनही येवो, पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. सांगणाऱ्याचा त्यावर मनापासून विश्वास असतो, कारण कंट्रोल पॅनेल, म्हणजे यंत्रं चालवणारी विजेची पेटी, बसवलं तेव्हा ते खरंच होतं. पुढे एका रात्री पंपाचा पीएलसी, म्हणजे पंप चालू-बंद करणारा पॅनेलमधला छोटा संगणक, अडतो. पॅनेलवाला परगावी असतो. मग कोणीतरी स्काडाच्या (प्लांट पडद्यावर दाखवणाऱ्या आणि चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पीसीवर एनीडेस्क हे दुरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर टाकतं, नाहीतर पॅनेलमध्ये सिमकार्डचा राउटर बसवतं. दोन तासांत पंप सुरू होतो. राउटर मात्र तिथेच राहतो आणि ड्रॉइंगमध्ये त्याची नोंद होत नाही.

तुमच्या पॅनेलमध्ये बाहेरून शिरायच्या वाटा तपासायला आलो की आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो हा विसरलेला राउटर शोधण्यात, आणि त्या वेळेचे पैसे तुमचे जातात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अ‍ॅलिक्विपा इथल्या पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर पंपिंग स्टेशनचा पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. त्या बनावटीच्या पीएलसींचा कंपनीकडून येणारा पासवर्ड होता ११११. तिथल्या लोकांनी पंप हाताने चालवून पाणी सुरू ठेवलं.

‘मग पासवर्ड बदलला की झालं ना?’ नाही. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये चोरलेल्या, पण खऱ्या पासवर्डनेच हल्लेखोर वीज कंपन्यांच्या यंत्रणेत शिरले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनवर जाऊन ब्रेकर हाताने चढवले, म्हणून ती काही तासांत परत आली. त्यामुळे पहिल्याच भेटीत आम्ही विचारतो, तुमचा पंप ऑटोशिवाय, म्हणजे हाताने, चालतो का, आणि रात्रपाळीतल्या कोणाला तो तसा चालवता येतो? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरासाठी बहुतेक ठिकाणी फोनाफोनी करावी लागते.

तपासणीला आम्ही दोन दिवस का घेतो, ही तक्रार आमच्या कानावर येते. सॉफ्टवेअरने तासाभरात नेटवर्क स्कॅन करता येतं, हे खरं आहे. पण जुने पीएलसी अशा स्कॅनने अडकून बसतात, आणि चालू प्लांटवर ती जोखीम आम्ही घेत नाही. म्हणून प्रत्येक पॅनेलचं दार उघडून केबलचं दुसरं टोक कुठे जातं ते पाहतो. गुरुवारच्या सुट्टीत येतो, म्हणजे उत्पादनात अडथळा येत नाही. त्या दिवशी तुमचा मेंटेनन्सचा जुना माणूस हजर हवा. कोणती वायर कधी ओढली, हे ड्रॉइंगपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. आजवर बाहेरून कोणकोणत्या व्हेंडरने (पॅनेल किंवा यंत्र पुरवणाऱ्याने) लॉगिन केलं, त्याची यादीही आधी काढून ठेवा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. बाहेरून कोण कधी आत आलं याची नोंदच नसेल, तर कळवणार काय?

व्हेंडरला बाहेरून यावं लागणारच, ते आम्ही बंद करायला सांगत नाही. राउटरचा २४ व्होल्टचा सप्लाय आम्ही चावीच्या स्विचमधून आणि टायमरमधून देतो. शिफ्ट इन्चार्जने चावी फिरवली की लाइन सुरू, दोन तासांनी आपोआप बंद. सोबत रजिस्टर. वार्षिक करार असलेल्या ग्राहकांना हे बसवण्याची मजुरी लागत नाही. करार करायचा नसेल, तरी एवढा स्विच तुमच्या वायरमनकडून बसवून घ्या. ड्रॉइंग आमच्याकडे मागा, त्याचे पैसे घेत नाही.