उन्हाळी हॅटची सजावट

गवत, पेंढा, ताडाची पाने किंवा जाड सुती कापड यांपासून केलेल्या रुंद काठाच्या हॅटला फीत, दोरी, लेस, कापडी फुले किंवा विणलेली पट्टी लावण्याच्या हस्तकौशल्याला उन्हाळी हॅटची सजावट म्हणतात. नावावरून हे केवळ शोभेचे काम वाटते. परंतु माथ्याभोवतीची फीत आधी उपयोगी पडते आणि मग शोभते. माथा आणि काठ जिथे जुळतात तो घेर वापराने सैल पडत जातो. फीत तो आवळून धरते आणि तिथली शिवण झाकते.

फितीची निवड हा या कामाचा गाभा आहे. ग्रोग्रेन आणि पीटरशॅम या दोन्ही फितींवर आडव्या बारीक रेघा असतात आणि दुरून त्या सारख्याच दिसतात. ग्रोग्रेनची कड सरळ व घट्ट असते, त्यामुळे ती वाकवली की चुण्या पडतात. पीटरशॅमच्या कडेला मात्र बारीक दाते असतात, म्हणून वाफ देऊन तिला माथ्याच्या गोलाईप्रमाणे वळवता येते. माथा वर निमुळता होत असेल तर पीटरशॅमच घ्यावी. माप माथ्याच्या तळाशी घेऊन सांध्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर अधिक ठेवतात, आणि सांधा बो, गाठ किंवा फुलाखाली लपवतात.

टाक्यांसाठी लांब, बारीक आणि टोकापासून नेढ्यापर्यंत एकसारख्या जाडीची सुई लागते. हॅट बनवणाऱ्यांच्या कामावरून तिला इंग्रजीत ‘स्ट्रॉ नीडल’, म्हणजे पेंढ्याची सुई, असेच नाव पडले. आज ती भरतकामातल्या गुंडाळलेल्या गाठींसाठीही वापरली जाते. कोरडा पेंढा तडकतो, म्हणून तो किंचित ओलसर करून घ्यावा आणि सुई काडीतून न घालता दोन काड्यांच्या फटीतून काढावी. बाहेरच्या बाजूला टाका इवलासा आणि आतल्या बाजूला लांब ठेवतात. गोंदाने काम लवकर होते खरे, पण त्याचे डाग राहतात आणि फीत पुढे बदलता येत नाही. धुण्यासाठी किंवा नव्या रंगासाठी सजावट उसवता यावी यातच तिचे खरे सौंदर्य आहे.

फिती, बटणे, हूक, सुया, दोरे अशा शिवणाच्या किरकोळ सामानाला इंग्रजीत हॅबरडॅशरी म्हणतात. त्याचे आणि हॅटचे नाते जुने आहे. लंडनमधील हॅबरडॅशर व्यापाऱ्यांच्या संघाला १४४८ मध्ये राजसनद मिळाली आणि १५०२ मध्ये हॅट व टोपी बनवणाऱ्यांचा संघ त्यात विलीन झाला. विणकामाचाही टोपीशी असाच संबंध आला. इंग्लंडमध्ये १५७१ च्या एका कायद्याने सहा वर्षांवरील बहुतेक सामान्य लोकांना रविवारी व सणाच्या दिवशी देशातच विणलेली लोकरी टोपी घालणे बंधनकारक केले होते. १५९७ मध्ये तो कायदा रद्द झाला.

उन्हाळी हॅटसाठी मात्र लोकरीपेक्षा सुती धागा बरा, कारण तो घाम शोषतो आणि उबत नाही. एका बाजूने सुलट व दुसऱ्या बाजूने उलट टाके घातलेल्या विणीच्या कडा गुंडाळल्या जातात; दोन्ही बाजूंनी सुलट टाके घातलेली पट्टी सपाट बसते. विणलेली पट्टी ताणते, म्हणून ती माथ्याच्या घेरापेक्षा साधारण दहावा हिस्सा आखूड विणावी. दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर तीन-चार टाक्यांची गोल दोरीही काढता येते. हे काम इतके सरळ आहे की लय हातात बसली की नजर आणि बोलणे मोकळे राहते. एकत्र बसून विणणाऱ्यांच्या गप्पांतून कोणत्या धाग्याला कोणती सुई, कुठली फीत उन्हात विटते, असे कितीतरी ज्ञान पुढे जाते, आणि ते पुस्तकापेक्षा लवकर हातात उतरते.

सजावटीला एक मर्यादा पाळावी लागते. उन्हापासून संरक्षणासाठी प्रौढांच्या हॅटचा काठ किमान ७.५ सेंटिमीटर रुंद असावा, अशी ऑस्ट्रेलियाच्या कॅन्सर कौन्सिलची शिफारस आहे. काठावर जड फुले किंवा मणी लावले तर तो एका बाजूला झुकतो, आणि दुसऱ्या बाजूचा कान व मान उघडी पडते. म्हणून वजनदार गोष्टी माथ्याच्या तळाशी, फितीवरच शिवतात.