मुंग्या लागल्या म्हणजे गूळ अस्सल?

गुळाचा हंगाम आला की मोबाईलवर संदेश फिरू लागतो: ढेपेला मुंग्या लागल्या तर गूळ अस्सल, नाहीतर केमिकलचा. आमच्या गल्लीतल्या नववीच्या दोघींनी विज्ञान प्रदर्शनासाठी हेच तपासायचं ठरवलं. एका बाजूला सेंद्रिय गूळ, दुसऱ्या बाजूला हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारं केमिकल, मारलेला पिवळाधमक. अर्ध्या तासात सेंद्रियकडे रीघ लागली, पिवळ्याकडे चार-दोन मुंग्या. पोरी खूश!

मी म्हटलं, आता दोन्हीकडे एकाच ढेपेचे खडे ठेवा. ठेवले. पुन्हा एकीकडेच रीघ.

गंमत इथंच आहे. गूळ सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत गंध सोडत जाते. मागची त्या वासावर येते, आपला गंध त्यात मिसळते. ब्रुसेल्सचे शास्त्रज्ञ डेन्युबोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली अर्जेंटिनी मुंग्यांपुढे सारख्याच लांबीच्या दोन फाट्यांचा पूल ठेवला, तरी बहुतेक मुंग्या एकाच फाट्यावर गोळा झाल्या. त्यांचं सूत्र असं: एका फाट्यावरून आधी गेलेल्या मुंग्यांत 20 मिळवा, वर्ग करा, दुसऱ्याचंही तसंच, मग त्या दोन वर्गांचं प्रमाण पाहा. एकीकडून 10 गेल्या, दुसरीकडून एकही नाही, तर 900 ला 400. म्हणजे पुढची मुंगी पहिल्या फाट्याला वळण्याची शक्यता 69 टक्के. 100 आणि 20 झाल्या की 90 टक्के! सुरुवातीचा योगायोग वर्गामुळे फुगत जातो.

म्हणजे शंभर मुंग्या ही शंभर मतं नव्हेत. रांग कितीही लांब असो, मत एकच.

तेव्हा आराखडा बदलला. मुंग्या न मोजता वारुळं मोजायची. सहा वेगवेगळी वारुळं, मुंग्यांची जात एकच. दर खेपेला नवा कागद, कारण जुन्यावर गंध उरतो. कुठला गूळ कुठल्या बाजूला, ते नाणं उडवून ठरवायचं. सहाही वारुळं योगायोगानं सेंद्रियकडेच वळण्याची शक्यता 64 त 1. तेवढं झालं तर बोलायला जागा आहे. तरीही त्यातून मुंग्यांची आवड कळेल, गुळाची शुद्धता नाही. हायड्रॉसचा गूळही मुख्यतः साखरच असतो.

पाच वारुळं मिळाली. सहावं एका आजींच्या तुळशीवृंदावनात आहे. "काळ्या मुंग्या म्हंजे लक्ष्मी, हात लावायचा न्हाई," म्हणून आजी अडून बसल्यात.