आधी आकडा, मग पट्टा

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाणं. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यावर पावसाळ्यात येणारा पश्चिमेचा वारा अंजनेरी-ब्रह्मगिरीचे डोंगर ओलांडून येतो. त्यामुळे तो समुद्रावरच्यासारखा एकसारखा वाहत नाही, झोतांनी येतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे १० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा १४ नॉटवर गेला की शिडाची ओढ जवळजवळ दुप्पट. विंडसर्फिंग करताना ही ओढ नुसत्या हातांनी पेलली, तर दंड बघता बघता भरून येतात.

हार्नेस, म्हणजे पुढे आकडा (हुक) असलेला कंबरबंध, त्यासाठीच असतो. कमरेचा आकडा बूमला, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्याला, बांधलेल्या दोरीत अडकवला की ओढ धडावर येते; रस्सीखेचीतला शेवटचा गडी दोर अंगाभोवती घेऊन मागे रेलतो, तसंच. पण खरा फायदा याहून मोठा आहे. तुमचं वजन दोरी, बूम, डोलकाठी या वाटेने फळीवर उतरतं आणि पाय हलके होतात. हलका झालेला पायच फळीवरच्या, पाऊल अडकवायच्या पट्ट्यात सरकतो. आकड्यावर लोंबकळायला न शिकता पट्ट्यांच्या मागे लागणं म्हणूनच वाया जातं.

दोरीची दोन्ही टोकं बूमवर मूठभर अंतराने बांधा. आकडा लावून हात सैल सोडा. मागचा हात ओढला जात असेल तर दोरी मागे सरकवा, पुढचा ओढला जात असेल तर पुढे. दोन बोटांनीही फरक पडतो. लांबीचं माप आपल्याच अंगावर आहे: दोरीच्या तळाशी कोपर टेकवलं की बूम मनगटाशी यावी. आखूड दोरीत अंग शिडाला चिकटतं आणि ऐन झोतात आकडा सुटत नाही. अडकवताना खाली बघू नका. बूम छातीकडे ओढली की दोरी झुलत आकड्यापाशी येते.

ताठ उभा राहणारा झोतात पुढे फेकला जातो. गुडघे वाकवा, बूड खाली न्या, मागचा हात सैल करून शिडातला वारा काढा. तरीही उडालात तर बूम घट्ट धरून ठेवा. ती सुटली की अंग गरकन फिरतं आणि डोकं डोलकाठीवर आपटू शकतं.

पट्ट्यांची वेळ फळी पाणी कापणं सोडून पाण्यावर घसरू लागल्यावर येते. त्याला साधारण १२ ते १५ नॉट वारा लागतो. त्याआधी मागे सरकलात तर शेपूट बुडते, नाक वाऱ्याकडे वळतं आणि फळी थांबते. आधी पुढचा पाय, वेग आणखी वाढल्यावर मागचा. पाय उचलताना भार आकड्यावरच हवा. टाच रोवू नका, फळीची कड दबते. नवख्याने पट्टे सगळ्यांत पुढच्या, आतल्या भोकांत बसवावेत, आणि बोटं पलीकडे जेमतेम दिसतील इतकेच सैल ठेवावेत. पाय घोट्यापर्यंत आत गेला तर पडताना घोटा मुरगळतो.

डोंगराआडच्या वाऱ्यात झोत जितक्या अचानक येतो तितकाच अचानक ओसरतो. ओढ कमी झाल्याचं कमरेला जाणवलं की लगेच मागचा पाय बाहेर काढून पुढे या, नाहीतर शिडासकट पाठीवर पडाल, तेही आकडा अडकलेलाच असताना.