संवर्धित जलचरांचे पोषण, आरोग्य आणि पर्यावरणीय ताण

तलाव, टाक्या, पिंजरे किंवा तराफे यांत माणसाच्या देखरेखीखाली वाढवले जाणारे मासे, कोळंबीसारखे कवचधारी प्राणी आणि कालवांसारखे मृदुकाय प्राणी यांना मिळणारे अन्न, त्यांचे आरोग्य आणि भोवतालच्या पाण्यातील बदलांमुळे त्यांच्या शरीरावर पडणारा भार यांच्या परस्परसंबंधांचा हा विषय आहे. पोषण, रोग आणि पाण्याची गुणवत्ता यांचा अभ्यास दीर्घकाळ वेगवेगळा होत आला. परंतु संवर्धनाच्या तलावात हे तिन्ही घटक क्वचितच एकमेकांपासून सुटे काढता येतात, कारण तेथे टाकलेले खाद्य हेच प्राण्याचे अन्न असते आणि तेच त्याच्या पाण्याचे मुख्य प्रदूषकही असते. अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात सुमारे ९ कोटी ४४ लाख टन जलचर प्राणी संवर्धनातून मिळाले आणि हे उत्पादन प्रथमच मासेमारीपेक्षा अधिक भरले.

पाण्यातील श्वसन हा या विषयाचा पाया आहे. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला तो ९ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ३० अंशांना जेमतेम साडेसात मिलिग्रॅम असतो; समुद्राच्या पाण्यात तो आणखी एक पंचमांशाने कमी असतो. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्याचा चयापचय साधारणपणे दुप्पट होतो. म्हणजे पाणी तापते तेव्हा प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. त्यात कल्ल्यांची अडचण वेगळीच आहे. श्वसन, क्षारांचा समतोल आणि अमोनियाचे उत्सर्जन ही तिन्ही कामे एकाच पातळ पडद्यातून चालतात. जास्त प्राणवायू मिळवण्यासाठी मासा कल्ल्यांतून अधिक रक्त फिरवू लागला, की गोड्या पाण्यात त्याच्या शरीरातील क्षारही अधिक वेगाने बाहेर झिरपतात आणि खाऱ्या पाण्यात उलट दिशेने आत शिरतात. हे नुकसान भरून काढायला ऊर्जा लागते, आणि ती वाढीसाठी राखलेल्या ऊर्जेतूनच खर्च होते.

ताण : शरीराचा अंतर्गत समतोल ढळवणाऱ्या किंवा ढळवू पाहणाऱ्या कोणत्याही घटकाला शरीर जो प्रतिसाद देते, त्याला ताण म्हणतात. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली सस्तन प्राण्यांच्या संदर्भात मांडलेली ही कल्पना पुढे माशांनाही लागू करण्यात आली. माशांमध्ये हा प्रतिसाद तीन टप्प्यांत वर्णन करण्याची पद्धत आहे. पहिल्या टप्प्यात काही क्षणांत ॲड्रेनॅलीनसारखी संप्रेरके आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल रक्तात उतरते. माशांना स्वतंत्र अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथी नसते. कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या पेशी वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) पुढच्या भागात विखुरलेल्या असतात. दुसऱ्या टप्प्यात रक्तातील शर्करा व लॅक्टेट वाढते, कल्ल्यांतील रक्तप्रवाह बदलतो आणि क्षारांचा समतोल बिघडतो. तिसरा टप्पा संपूर्ण प्राण्याच्या पातळीवर दिसतो : वाढ मंदावते, प्रजनन लांबते किंवा थांबते आणि रोगप्रतिकारशक्ती खालावते. कॉर्टिसॉलला केवळ अपायकारक समजणे मात्र चुकीचे ठरेल. बहुतेक माशांमध्ये क्षारांच्या नियमनाचे कामही तेच करते, आणि सॅमन नदीतून समुद्रात जाण्याची तयारी करतो तेव्हा त्याचे कल्ले खाऱ्या पाण्यासाठी घडवण्यात त्याचा वाटा असतो. थोड्या वेळाचा ताण मासा पचवतो. दिवसेंदिवस टिकणारा ताण त्याला आतून पोखरतो.

मोकळ्या पाण्यातला मासा गैरसोयीच्या जागेतून निघून जाऊ शकतो, संवर्धनातला जाऊ शकत नाही. संसर्ग झालेले काही मासे, निवड करता आली तर, अधिक उबदार पाण्याकडे सरकतात आणि त्यामुळे त्यांची प्रतिकारयंत्रणा अधिक जोमाने काम करते. एकसारख्या तापमानाच्या टाकीत हा मार्ग बंद असतो. दाटी, हाताळणी, प्रतवारीसाठी जाळे ओढणे आणि वाहतूक हे ताण तर पूर्णपणे मानवनिर्मित आहेत.

पोषण : मासे प्रथिनांचा वापर केवळ शरीर बांधण्यासाठी नव्हे तर ऊर्जेसाठीही मोठ्या प्रमाणावर करतात, त्यामुळे त्यांच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण जमिनीवरील पाळीव जनावरांच्या खाद्यापेक्षा बरेच जास्त, जातीनुसार व वयानुसार साधारण २५ ते ५५ टक्के ठेवावे लागते. दहा ॲमिनो आम्ले त्यांना अन्नातूनच मिळावी लागतात. मात्र शरीर उबदार राखण्याचा खर्च नसल्याने आणि नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने थेट पाण्यात सोडता येत असल्याने त्यांची एकूण ऊर्जेची गरज कमी असते. चांगल्या व्यवस्थापनात सॅमनचे एक किलो वजन सव्वा किलोच्या आसपास कोरड्या खाद्यावर वाढते.

पोषणातील उणीव आजाराच्या रूपाने कशी पुढे येते, याची उदाहरणे या शास्त्राच्या इतिहासात भरपूर आहेत. बहुतेक अस्थिमय माशांना क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही. ते कमी पडले की कोलॅजन नीट घडत नाही आणि पाठीचा कणा वाकडा होतो. साधे ॲस्कॉर्बिक आम्ल खाद्य बनवताना आणि साठवताना नष्ट होत असल्यामुळे त्याची फॉस्फेटयुक्त टिकाऊ रूपे वापरात आली. जपानमध्ये रेशीमकिड्यांचे खवट झालेले प्युपे (कोषातील किडे) खाणाऱ्या कार्प माशांच्या पाठीवरील स्नायू झिजून जात. या विकाराला तेथे सेकोके म्हणत आणि ई जीवनसत्त्व देऊन तो टाळता येतो असे आढळले. १९६०च्या सुमारास मत्स्यबीज केंद्रांतील इंद्रधनुषी ट्राउट माशांमध्ये यकृताचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. त्याचे मूळ सरकीच्या पेंडीतील बुरशीने तयार केलेल्या अफ्लाटॉक्सिनमध्ये सापडले. सर्वांत बोलके उदाहरण सॅमनच्या मोतीबिंदूचे आहे. गुरांमधील मेंदूच्या रोगाच्या भीतीने १९९०च्या दशकात युरोपात सस्तन प्राण्यांच्या रक्ताची भुकटी माशांच्या खाद्यातून वगळली गेली आणि संवर्धित सॅमनमध्ये मोतीबिंदू वाढले, कारण त्या भुकटीतून मिळणारे हिस्टिडिन हे ॲमिनो आम्ल आता अपुरे पडत होते. खाद्यातील एक घटक एका कारणाने बदलला तर दुसऱ्याच अवयवात परिणाम उमटतो, हे येथे स्पष्ट दिसते.

फिशमील (मासळीची भुकटी) व मासळीच्या तेलाऐवजी वनस्पतिजन्य घटक वापरण्याकडे असलेला कल याच दृष्टीने पाहावा लागतो. सोयापेंडीतील सॅपोनिन नावाच्या द्रव्यांमुळे सॅमनच्या आतड्याच्या शेवटच्या भागात दाह होतो. वनस्पतींमधील बरेचसे फॉस्फरस फायटेट या सहज न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात असते आणि जठर नसलेल्या कार्पसारख्या माशांना तर ते फारसे वापरताच येत नाही. पाण्यातून कॅल्शियम शोषून घेता येते, पण फॉस्फरस पाण्यात नगण्य असल्याने ते खाद्यातूनच यावे लागते. न वापरलेले फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात उतरते आणि शैवालाची बेसुमार वाढ घडवते. समुद्री माशांना इकोसापेन्टेनोइक व डोकोसाहेक्सेनोइक ही लांब साखळीची मेदाम्ले तयारच मिळावी लागतात, तर गोड्या पाण्यातील अनेक जाती ती जवसासारख्या तेलातील लिनोलेनिक आम्लापासून काही प्रमाणात बनवू शकतात. या मेदाम्लांमुळे पेशींचे पडदे थंडीतही लवचीक राहतात, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर दिलेल्या तेलाचा प्रकार थंडी सोसण्याच्या क्षमतेशी निगडित असतो.

बीटा-ग्लुकान, न्यूक्लिओटाइड, प्रोबायोटिक जिवाणू आणि औषधी वनस्पतींचे अर्क खाद्यात मिसळून प्रतिकारशक्ती वाढवता येते, असे दाखवणारे प्रयोग पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेक स्वच्छ टाक्यांत, थोड्या माशांवर आणि काही आठवडेच झालेले असतात. ज्या तलावात पहाटे प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो, तेथे अशा पूरकांपेक्षा वेळेवर चालू केलेला, पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर अधिक उपयोगी ठरतो.

पाणी व खाद्य : खाल्ल्यानंतर अन्न पचवण्यासाठी व प्रथिने बांधण्यासाठी माशाची प्राणवायूची गरज काही तास वाढलेली राहते. म्हणून ढगाळ हवेत, पाणी गढूळलेले असताना किंवा मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाने पाणी ओढत असताना खाद्य टाकणे धोक्याचे असते. हिरव्या तलावात दिवसा वनस्पतिप्लवक प्राणवायू सोडतात व कार्बन डायऑक्साइड शोषतात, रात्री सगळेच सजीव प्राणवायू वापरतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी प्राणवायू नीचतम आणि दुपारी सामू (पीएच) उच्चतम असतो. पाण्याची अल्कता, म्हणजे सामूतील बदल रोखून धरण्याची क्षमता, कमी असेल तर सामूचे हे हेलकावे अधिक मोठे होतात.

अमोनियाचा विषारीपणा याच सामूवर ठरतो. प्रथिनांतील नायट्रोजनपैकी निम्म्याहून अधिक भाग सहसा अमोनियाच्या व विष्ठेच्या रूपाने पाण्यात जातो. २५ अंश सेल्सिअसला आणि सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी, अनायनित रूपात असतो. सामू ८ असताना तो सुमारे ५ टक्के आणि ९ असताना एक तृतीयांशाहून जास्त होतो. त्यामुळे सकाळी निर्धोक वाटणारे मोजमाप त्याच दिवशी दुपारी घातक ठरू शकते. जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनचे प्राणवायू न वाहणाऱ्या रूपात परिवर्तन करते. रक्त तपकिरी दिसते आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. कल्ल्यांतून नायट्राइट ज्या वाटेने शिरते तीच वाट क्लोराइडचीही असल्याने पाण्यात साधे मीठ टाकल्यास नायट्राइटचा शिरकाव कमी होतो.

रोग : स्टॅनिस्लास स्निएझ्को यांनी १९७०च्या दशकात मत्स्यरोगांचे वर्णन यजमान, रोगकारक आणि पर्यावरण या तीन एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांनी केले आणि तीच मांडणी आजही वापरली जाते. एरोमोनास, फ्लेव्होबॅक्टेरियम, व्हिब्रिओ यांसारखे जिवाणू पाण्यात व माशाच्या अंगावरील बुळबुळीत श्लेष्म्यात एरवीही असतात. हाताळणीत खवले निघाले, श्लेष्म्याचा थर खरवडला गेला किंवा प्राणवायू उतरला की तेच रोगकारक बनतात. सर्वच रोगांना ही मांडणी सारखी लागू होत नाही. कोळंबीतील श्वेतठिपका विषाणू १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियातून पसरला. तो उत्तम पाण्यातील सुदृढ कोळंबीलाही काही दिवसांत मारतो, आणि तेथे रोगमुक्त बीज व जैवसुरक्षा यांना पर्याय नाही. तरीही पाण्याचे तापमान ३२ अंशांच्या वर असताना त्याची मारकता घटते, म्हणजे येथेही पर्यावरण बाजूला राहत नाही. माशांना लस देता येते, आणि नॉर्वेत सॅमनच्या परिणामकारक लसी आल्यानंतर प्रतिजैविकांचा वापर पूर्वीच्या अल्पांशावर आला. कोळंबीत प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या अर्थाची लस तेथे चालत नाही.

कवचधारी व मृदुकाय : कोळंबीला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातून लागते, कात टाकण्याचे संप्रेरकही त्यापासूनच बनते. कात टाकल्यावर कवच मऊ असताना ती प्राणवायूच्या कमतरतेला आणि भाईबंदांच्या हल्ल्याला सर्वाधिक बळी पडते. समुद्रापासून दूर, विहिरीच्या मचूळ पाण्यात व्हॅनामेई कोळंबी वाढवताना लवणता पुरेशी असूनही मर होते, कारण अशा पाण्यात पोटॅशियम व मॅग्नेशियमचे प्रमाण अनेकदा समुद्राच्या तुलनेत फार कमी असते. ते पाण्यात मिसळावे लागते. कालवे व शिंपले यांना बहुधा खाद्य घालावे लागत नाही, ती पाण्यातील प्लवक गाळून खातात. प्रतिकूल पाण्यात ती शिंपा मिटून घेतात, म्हणजे काही काळ अन्न व श्वसन दोन्ही सोडून देतात. उन्हाळ्यात प्रजननावर साठा खर्च झालेला असतानाच पाणी तापते आणि पॅसिफिक कालवांची मोठी मर तेव्हाच होते. फ्रान्समध्ये २००८पासून कोवळ्या कालवांना मारणारा नागीणवर्गीय (हर्पिस) विषाणूचा प्रकार पाणी साधारण १६ अंशांच्या वर गेल्यावर उद्रेक घडवतो. कार्बन डायऑक्साइडयुक्त पाण्यात त्यांच्या अळ्यांना पहिले कवच घडवताना अधिक ऊर्जा खर्चावी लागते.

ताणाचे मोजमाप : रक्तातील कॉर्टिसॉल हे सर्वाधिक वापरले जाणारे मानक आहे, परंतु मासा पकडण्यानेच ते वाढत असल्याने नमुना पहिल्या काही मिनिटांत घ्यावा लागतो. पाण्यातील व विष्ठेतील कॉर्टिसॉल मोजल्यास ही अडचण टळते, आणि खवल्यांत साठलेल्या कॉर्टिसॉलवरून आधीच्या काही आठवड्यांचा अंदाज घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल पुन्हा सामान्य पातळीवर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते, म्हणून कमी आकडा म्हणजे ताणाचा अभाव असे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी मासे एका ठरावीक, सौम्य त्रासाला कितपत प्रतिसाद देतात हे पाहिले जाते, कारण दीर्घकाळ ताणलेल्या माशांचा हा प्रतिसाद बोथट झालेला असू शकतो. तलावावर मात्र खाद्य किती वेळात संपते याची रोजची नोंद कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा आधी इशारा देते : भूक मंदावणे हे बहुतेक ताणांचे आणि बहुतेक रोगांचे पहिले दृश्य लक्षण आहे.