घरच्या व्यायामाची नोंद आणि सोळा दिवसांची अट

गुडघा असो वा खांदा, सुधारणा होते ती मुख्यतः घरी केलेल्या व्यायामाने आणि नेमका तोच सुटतो, हे फिजिओथेरपी घेतलेल्या कोणालाही ठाऊक आहे. नेदरलँड्समध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांगितलेला व्यायाम पूर्णपणे पाळणारे रुग्ण ३५ टक्केच निघाले, आणि तेही त्यांच्याच सांगण्यावरून. तेव्हा हाताशी साधन एकच होतं, झेरॉक्स काढलेला कागद. त्यावर काडीच्या माणसांची चित्रं आणि शेजारी पेनाने लिहिलेलं '१० वेळा, सकाळ-संध्याकाळ'.

पुढे व्हिडिओ गेम आले. तोल मोजणारी पाटी असलेला वी फिट २००७ चा, शरीराची हालचाल टिपणारा कायनेक्ट २०१० चा. पक्षाघाताच्या रुग्णांवर त्यांचे बरेच प्रयोग झाले. पण गेमिंगच्या कायनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं आणि त्यावर बेतलेले उपक्रम अडचणीत आले. २०२० च्या सुमारास साध्या फोनच्या कॅमेऱ्यातून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखता येऊ लागले. त्याच वर्षी लॉकडाऊनमुळे क्लिनिकं बंद पडली आणि सगळं फोनवर आलं.

खरा वाद मात्र पैशांचा आहे. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेने १ जानेवारी २०२२ पासून घरच्या व्यायामावर दुरून लक्ष ठेवण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. दोन भेटींच्या मधे फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या नोंदी बघतो, फोन करतो. त्या वेळेला मोल मिळालं, हे फार मोठं पाऊल होतं. पण साधनाच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅप वा यंत्राच्या पैशांसाठी अट घातली गेली: ३० दिवसांत किमान १६ दिवसांच्या नोंदी हव्यात. रक्तदाब, साखर यांवर दुरून देखरेख ठेवण्यासाठी हीच अट आधीपासून होती. तिथे ती समजण्यासारखी आहे, कारण ते आकडे रोज बघावे लागतात. स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम बहुधा एक दिवसाआड देतात, कारण मधली विश्रांती हा उपचाराचाच भाग असतो. आठवड्यातून तीनदा मन लावून व्यायाम करणाऱ्या रुग्णाचे ३० दिवसांत बारा-तेराच दिवस भरतात. उलट, रुग्णाने स्वतः भरलेली नोंदही चालते. त्यामुळे सोफ्यावर बसून रोज 'झाला' हे बटण दाबणाऱ्याचे सोळा दिवस सहज पूर्ण होत. व्यायाम टिकवण्यासाठी आणलेली व्यवस्था अशा रीतीने अ‍ॅप रोज उघडायला लावत होती, आणि याला माझा ठाम आक्षेप आहे. फिजिओथेरपिस्टच्या वेळेच्या पैशांना ही अट लागू नाही, एवढं स्पष्ट व्हायलाही २०२३ चा शेवट उजाडला. अखेर २०२६ पासून २ ते १५ दिवसांच्या नोंदींसाठी वेगळी सोय झाली.

आपल्याकडे हा वाद उभाच राहिला नाही, कारण या देखरेखीचे पैसे द्यायला सहसा कोणी नसतंच. २५ मार्च २०२० ला आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती; फिजिओथेरपिस्ट त्यांत नव्हते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या व्यवसायाला देशपातळीवर चौकट दिली. काम तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालं होतं. गुडघा बदललेल्या आजींचा पाय सरळ उचलतानाचा व्हिडिओ सून पाठवते. ओपीडी आटोपल्यावर फिजिओथेरपिस्ट मॅडम तो बघतात आणि 'आजी, गुडघा वाकतोय, आधी मांडी घट्ट करा, मग पाय उचला' असा व्हॉइस मेसेज टाकतात. कोणीतरी बघतंय, या जाणिवेने आजी दुसऱ्या दिवशीही व्यायाम करतात. या कामाचं बिल होत नाही. रुग्ण वाढले की व्हिडिओ न बघताच राहून जातात, आणि दोन-तीनदा उत्तर आलं नाही की आजींचा व्यायामही थांबतो.