वीज लांब पडली, मग लॅन पोर्ट का जळाला?

वळवाचा पाऊस सुरू झाला की निफाड-पिंपळगाव पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. वीज कुठेतरी शिवारात पडली. घरातला टीव्ही, फ्रिज शाबूत, राउटरवर वायफायही चालू. फक्त कांदाचाळीवरच्या कॅमेऱ्याची केबल लावलेला पोर्ट गेला.

वीज जमिनीत शिरते तिथे जमिनीचं व्होल्टेज क्षणभर प्रचंड चढतं. एका विजेचा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअर. त्यातले १,००० जरी १० ओहमच्या अर्थिंगमधून गेले, तरी ओहमच्या नियमाने १०,००० व्होल्ट होतात. चाळीचा लोखंडी खांब आणि घराचं अर्थिंग यांच्यात असा फरक पडला, की त्यांना जोडणारी तांब्याची लॅन केबलच त्या प्रवाहाची वाट होते.

पोर्टमध्ये बचाव असतो. केबलमधल्या तारांच्या प्रत्येक जोडीसाठी एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारा एकमेकींना जोडलेल्या नसतात. पण मानकानुसार त्याची कसोटी १,५०० व्होल्टची. १०,००० पुढे तो टिकत नाही.

म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक आलेला झटका जमिनीत वळवणारं उपकरण, हवा. त्यातली गॅस ट्यूब हजारो अँपिअर जमिनीत सोडते, पण जागी व्हायला थोडा वेळ घेते. तेवढ्यात आत घुसलेला झटका डायोड जवळजवळ लगेच दाबतो. इथे एक बारीक गोम आहे. जोडीतल्या दोन तारांना वेगवेगळ्या ट्यूब असतील, तर एक आधी पेटते. एक तार जमिनीला टेकलेली, दुसरी अजून चढलेली! हा दोन तारांमधला फरक ट्रान्सफॉर्मर सिग्नल समजून चिपकडे पाठवतो. दोन्ही तारांना एकाच कप्प्यात घेणारी तीन टोकांची ट्यूब म्हणूनच चांगली.

खरा घोळ मात्र अर्थिंगच्या तारेत होतो. सरळ तारेचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या अचानक बदलाला तारेचा होणारा विरोध, मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री. प्रवाह मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअरने वाढला, तर प्रत्येक मीटरवर १,००० व्होल्ट उभे राहतात. उरलेली तार गुंडाळी करून खोचली, की महागडा प्रोटेक्टरही असून नसल्यासारखा. तार आखूड, सरळ आणि घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडलेली हवी. वेगळा खड्डा खणला तर पुन्हा दोन जमिनी तयार होतात.

चाळ लांब असेल तर माझं मत सरळ आहे: मध्ये फायबर टाका. काच वीज वाहून नेत नाही. मात्र फायबरच्या केबलमध्ये आधाराची पोलादी तार असेल, तर ती आत आणू नका, घराबाहेरच तोडून अर्थिंगला जोडा.